ड्राय फोर्कचे अकरावे मत

सन २०१२ च्या मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी, नेब्रास्का राज्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या टारबेल काउंटीत, ड्राय फोर्क मतदानविभागाच्या जुन्या एकखोली शाळेत, एकाच प्रश्नावर मतदान झाले. टारबेल काउंटीने दक्षिणेकडच्या व्हान्स काउंटीत विलीन व्हावे की नाही, हा तो प्रश्न. विभागात मतदार अकरा होते आणि अकराही जणांनी मत दिले.

टारबेल काउंटी आकाराने लहान नाही. तिच्या एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत गाडीने जायला सकाळचा बराचसा भाग जातो, आणि त्या वाटेवर गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, पवनचक्क्या आणि काटेरी तारेची कुंपणे यांखेरीज फारसे काही भेटत नाही. माणसे मात्र पाचशेच्या आत. ती एकाच शाळेत शिकलेली, वासरांना मालकीचा डाग देण्याच्या दिवशी एकमेकांच्या कुरणावर राबलेली, एकाच दफनभूमीत आपापली जागा राखून ठेवलेली. कोण कोणत्या बाजूचा हे समजण्यासाठी तिथे निवडणूक घ्यावी लागत नसे. विलीनीकरणाचा प्रश्न निघाला तेव्हाही ड्राय फोर्कमध्ये सगळे एका बाजूचे आहेत हे गृहीतच होते. कर कमी होतील असे पूर्वेकडच्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते. आमच्या पश्चिमेकडच्या गुरेवाल्यांना त्यापेक्षा हे दिसत होते की केल्सो गावातली काउंटीची कचेरी बंद होईल, शेरीफ साठ मैलांवरून येईल आणि रस्ते सारखे करणारा ग्रेडर आधी दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून फिरेल. ड्वाइट ऑस्ट्रँडर हा आमच्या भागाचा निवडून आलेला काउंटी कमिशनर आणि अग्निशमन पथकाचाही प्रमुख. त्याने शाळेच्या पायरीवर उभे राहून एवढेच म्हटले होते, "नकाशावरून आपलं नाव पुसायला आपल्याच हातात खोडरबर देतायत."

त्या मंगळवारी रात्री केल्सोच्या रेडिओवर विभागवार निकाल वाचला गेला. ड्राय फोर्क: नाही, दहा. होय, एक. त्यानंतर इतर विभागांचे आकडे आले. विलीनीकरण थोडक्यात मंजूर झाले होते.

ते एक मत लोरीन कुचेराचे होते.

लोरीन जन्माने ड्राय फोर्कची. तिचा नवरा एमेट याला मागच्या जानेवारीत हृदयविकाराचा झटका आला. काउंटीची रुग्णवाहिका केल्सोत होती. पण ती चालवणारा एकमेव प्रशिक्षित माणूस शरद ऋतूतच नोकरीसाठी दूर निघून गेला होता आणि त्याच्या जागी कुणी पुढे आले नव्हते. व्हान्स काउंटीकडे पगारी माणसांची रुग्णवाहिका होती. ती शिवेपर्यंत यायची आणि तिथे थांबायची. लोरीनने एमेटला आपल्या पिकअपमध्ये कसेबसे चढवले आणि बर्फाच्या रस्त्यावरून शिवेपर्यंत आणले. सबंध वाटभर त्याचे डोके तिच्या खांद्यावर आदळत होते आणि ते जिवंत माणसाचे आहे की नाही, हे बघायची तिची छाती झाली नाही. एमेट वाचला. पण मतपत्रिकेवर पेन टेकवताना तिला कचेरी आठवली नाही, कर आठवले नाहीत. ते डोके आठवले. आपले मत इतरांच्या मतांत मिसळून जाईल असे तिने धरले होते. सारे आयुष्य तिथे काढूनही, अकरा मतांत काही मिसळत नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही.

संशय एमेटवर गेला, आणि ते स्वाभाविक होते. एमेट वादासाठी प्रसिद्ध. एप्रिलमधल्या जाहीर सभेत त्यानेच उठून ड्वाइटला विचारले होते, "ग्रेडर दर वेळी ऑस्ट्रँडरच्या फाट्यापर्यंतच का येतो? पुढे रस्ता संपतो की तुमचं डिझेल?" सभा हसली होती, ड्वाइट हसला नव्हता. एमेटला सरकार जवळ असावे आणि त्याच्याशी भांडता यावे असे वाटे. म्हणूनच तो विलीनीकरणाच्या विरुद्ध होता. पण हे त्याने कुणाला सांगितले नाही, कारण कुणी विचारले नाही.

निकालानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. एमेट आणि लोरीन केल्सोहून परतत होते आणि समोरून विभागातल्याच रूडी पेट्झची गाडी आली. आमच्याकडे समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात हलवत नाही, नुसते बोट. ओळखीचा असो, अनोळखी असो, भांडण चालू असो, बोट उचलले जाते. एमेटने उचलले. रूडीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि नजर रस्त्यावर. गाडी धूळ उडवीत निघून गेली.

"दिसलं नसेल त्याला," लोरीन म्हणाली.

"या रस्त्यावर दिसण्यासारखं दुसरं आहे काय?" एमेट म्हणाला.

त्या दिवशी जेवताना एमेटने हिशेब मांडला. तो कोणतीही गोष्ट अशीच हाताळी. प्रत्येक शक्यता उचलायची, उजेडात धरायची, खाली ठेवायची.

"आयना ब्लूमक्विस्ट," काट्याने बटाटा फोडत तो म्हणाला. "तिच्या आजोबांनी कचेरीच्या विटा वाहिल्या. ती होय म्हणेल?"

"नाही म्हणणार."

"बाद. पेट्झ बंधू. रूडी ड्वाइटला विचारल्याशिवाय शिंकत नाही आणि व्हर्जिल रूडीला विचारल्याशिवाय. दोघंही बाद. ऑस्ट्रँडर बाप, आई, मुलगा, सून. चौघं बाद. प्रुइटची बायको कचेरीत कारकून. स्वतःची नोकरी कोण घालवेल? नवराबायको बाद. उरलो आपण. मी नाही म्हटलं, हे मला माहीत आहे."

"वाटाणे घे."

"घेतो. आणि तू नाही म्हटलंस."

"थंड होतायत, एमेट."

"म्हणजे अकरा बाद. मग मत दिलं कुणी? मोजणीतच घोळ आहे. मी कचेरीला लिहितो."

"नको लिहूस."

"का?"

"लिहिलंस की म्हणतील, बघा, टोचलं म्हणून ओरडतोय."

"म्हणतातच आहेत." त्याने वाटाणे घेतले. "निदान खरं कारण तरी देऊ त्यांना."

लोरीन उठून सिंकपाशी गेली. तिच्या मनात भीती दोन बाजूंनी येत होती. सांगितले तर एमेट उठून ड्वाइटकडे जाईल आणि म्हणेल, मत माझे नव्हते, माझ्या बायकोचे होते; कारण त्याला खोटे बोलता येत नसे, आणि खरे तोंडात ठेवताही येत नसे. शिवाय ते मत त्याच्या हृदयापायी दिले गेले हे त्याला कळेल. आणि आपण दुबळे आहोत असे कुणी धरून चालणे त्याला मरणाहून कठीण होते. न सांगितले तर जे त्याच्या वाट्याला येत होते ते येतच राहील. तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात उभी राहिली.

जूनमध्ये ऑस्ट्रँडरच्या कुरणावर वासरांना डाग द्यायचा दिवस ठरला. तीस वर्षे एमेट तिथे दोरी टाकून वासरे धरायला जात असे. या वेळी निरोप आला नाही. सकाळी त्या दिशेने वासरांचे हंबरणे ऐकू येत होते आणि एमेट गोठ्याच्या दारात खोगीर पुसत बसला होता. खोगीर आधीच स्वच्छ होते.

जुलैत ग्रेडर आला. तो पहिल्यांदाच ऑस्ट्रँडरच्या फाट्यापुढे आला आणि कुचेरांच्या वाटेच्या तोंडाशी खडीचा गुडघाभर उंच बांध घालून परत गेला. एमेटने फावडे घेतले. लोरीनने ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि उन्हात ती स्वतः खडी ओढत राहिली.

"हृदय माझं आहे," तो म्हणाला.

"आणि नवरा माझा आहे. बाजूला हो."

केल्सोच्या कॅफेत लोरीन शिरली की बोलणे थांबत नसे. आवाज तेवढा खाली जाई आणि ती बाहेर पडली की पुन्हा वर येई. आयना ब्लूमक्विस्ट चर्चमध्ये नेहमीसारखीच तिच्या शेजारी बसली, पण उठताना म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या आजोबांच्या विटा त्याच्या कामाच्या असतील तर घेऊन जा म्हणावं. आता मोकळ्याच होतील." आयना ऐंशीच्या पुढची, थट्टेखोर स्वभावाची बाई. तिने हे विनोदाने म्हटले असेल. लोरीनला त्यात विनोद सापडला नाही.

पाऊस मार्चपासून नव्हता. टेकड्यांवरचे गवत पिवळे होऊन मग पांढरे झाले. पायाखाली ते काचेसारखे मोडे. अशा उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक पिकअपच्या मागे पाण्याची टाकी आणि पंप चढवलेला असतो. कुठेही धूर दिसला की ज्याला दिसला तो निघतो. कुणी कुणाला बोलावत नाही. म्हणूनच कुठल्याही गेटला कुलूप नसते. आपल्या जमिनीत शिरायची परवानगी मागायला वेळ नसतो, आणि आग कुणाच्या जमिनीतून कुणाच्या जमिनीत जाईल ते सांगता येत नाही.

एका सकाळी कुचेरांच्या गेटच्या खांबाला मेलेला कोल्हा टांगलेला दिसला. मारलेला कोल्हा कुंपणावर टांगणे ही आमच्याकडची जुनी रीत आहे. ज्याने मारला त्याने, मारला त्या जागी टांगावा. हा मारला गेला होता कुठेतरी दुसरीकडे, कारण गेटपाशी रक्ताचा थेंब नव्हता. एमेटने दोरीची गाठ बराच वेळ निरखली, जणू गाठीवरून माणूस ओळखता येईल. मग सुरीने दोरी कापली.

"कुणीतरी मारला, टांगला," तो म्हणाला. "त्यात काय."

दुसऱ्या दिवशी त्याने केल्सोतून साखळी आणि कुलूप आणले. दुकानदाराने सर्वांत जाड दाखवली तीच साखळी.

"कुलूप?" लोरीन म्हणाली. "आपल्या गेटला?"

"कुणाच्या गेटला मग?"

"एमेट, गवत बघ. ठिणगी पडली तर टाक्या आत कशा यायच्या?"

"किल्ली माझ्याकडे आहे. मी घरी असतो. मी उघडीन."

"तुझ्या वडिलांच्या वेळी कधी कुलूप नव्हतं."

"वडिलांच्या गेटला कुणी मढं बांधलं नव्हतं."

तिने आणखी वाद घातला असता. पण संध्याकाळी साखळी खांबाभोवती खळखळली तेव्हा आपला श्वास सैल झाला, हे तिला जाणवले, आणि ती गप्प राहिली. कुचेरांचे घर दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी आहे. आत यायला एकच वाट. ती उभ्या काठांच्या कोरड्या ओढ्यावरून जाते आणि गेट त्या पुलावरच बसवलेले आहे. लोखंडी नळ्यांचे, सिमेंटात रोवलेल्या खांबांचे. दुसऱ्या कुठल्याही बाजूने गाडी आणायची तर ओढ्यात पडेल नाहीतर वाळूत रुतेल. इतकी वर्षे हीच गोष्ट त्या जागेचा दोष म्हणून सांगितली जात असे.

ऑगस्टच्या मध्यावर एका सांजवेळी लोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीत होती आणि एमेट गोठ्यात. गेटपाशी गाडीचे दिवे येऊन थांबले. एक माणूस उतरला. त्याच्या हातात काहीतरी काळे, आखूड होते. तो साखळीपाशी गेला, ती त्याने हातात धरून सोडली, मग घराकडे तोंड करून उभा राहिला. दिव्यांच्या पुढे असल्यामुळे त्याचा नुसता आकार दिसत होता. लोरीनने चुलीवरचा दिवा मालवला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. गाडी वळून गेल्यावरही तिला पुढे व्हायचे धैर्य झाले नाही. एमेट आत आला तेव्हा ती अंधारातच होती.

"दिवे गेले काय?"

"मीच मालवले. उकडत होतं."

त्याने दिवा लावला आणि तिच्याकडे पाहिले. त्याने काही विचारले नाही, आणि विचारले असते तर तिने त्याच क्षणी सगळे सांगून टाकले असते.

कुरणात चरण्याजोगे गवत उरले नव्हते. ऑगस्ट संपता संपता एमेटने काही गाई बाजाराला न्यायचे ठरवले. सकाळी ट्रेलर भरून तयार होता, आतली जनावरे उन्हात लाथा झाडीत होती.

"गेट उघडं ठेवून जाऊ?" त्याने खिडकीतून विचारले. "तू एकटी आहेस."

"म्हणूनच लाव," लोरीन म्हणाली.

"दोन्ही किल्ल्या याच जुडग्यात आहेत. थांब, एक काढतो. कडी फार घट्ट आहे ही."

"राहू दे. जनावरं तापतायत. मी कुठं जाणार आहे?"

ट्रेलर पुलावरून पलीकडे गेला. एमेट उतरला, त्याने साखळी ओवली, कुलूप दाबले, ओढून पाहिले आणि निघाला. कुलूप लागल्याचे तिने इतक्या लांबून पाहिले आणि तिला बरे वाटले.

दुपारी वायव्येला ढग जमले. पाऊस त्यांच्यातून खाली लोंबताना दिसत होता, पण जमिनीला पोचण्याआधीच वाळत होता. वीज पडली, आवाज उशिराने आला. मग टेकडीच्या कडेवरून धुराचा एक बारीक दांडा वर चढला, आणि लोरीनच्या डोळ्यांदेखत वाऱ्याने तो आडवा केला, घराच्या दिशेने.

तिने फोन केला. केल्सोच्या कचेरीतली मुलगी लगेच बोलली. "मिसेस कुचेरा, निघालेत सगळे. धूर त्यांना आधीच दिसला."

"कोण सगळे?"

"सगळेच. ड्वाइट, पेट्झ, प्रुइट. तुम्ही घराबाहेर पडा आणि—"

"गेटला कुलूप आहे," लोरीन म्हणाली.

"कुठल्या गेटला?"

"आमच्या."

"तुमच्या गेटला कुलूप आहे?"

"किल्ली एमेटकडे आहे. तो बाजाराला गेलाय. त्यांना सांग, काही कापायला आणा म्हणावं."

"सांगते मॅडम," मुलगी म्हणाली. पण तिच्या आवाजात आता दुसरेच काहीतरी होते.

तारा कापायचे कटर एमेटच्या पिकअपमध्ये होते. लोरीनने गोठ्यातला मोठा हातोडा उचलला आणि गाडी गेटपाशी नेली. तिने कुलपावर घाव घातला. हातोडा उडाला, कुलूप झुलले आणि पुन्हा जागेवर आले. ती घाव घालीत राहिली. मागे वळून पाहायचे नाही असे तिने ठरवले होते, कारण पाठीवर ऊन वेगळे लागू लागले होते. ओढ्याच्या बाजूने ससे धावत आले, तिच्या पायांजवळून गेले, गेटच्या खालच्या नळीखालून पार झाले.

पलीकडून गाड्या आल्या, एकामागे एक, टाक्यांतले पाणी उसळत. पहिली ड्वाइटची. तो उतरला. त्याने लोरीनकडे पाहिले नाही. तिच्या डोक्यावरून धुराकडे पाहिले.

"बाजूला हो, लोरीन."

"किल्ली एमेटकडे—"

"ऐकलं मी. बाजूला हो. रूडी, दोर आण. वर नको लावू, खाली लाव, बिजागरीपाशी. अरे खाली म्हणतोय ना!"

"खालीच लावतोय, तू आरडू नको," रूडी पेट्झ गुडघ्यांवर बसून म्हणाला. "कुणी बसवलंय हे? तुरुंगाला विकायचं होतं काय?"

गाडीने ओढले. दोर ताणला, चाके वाळूत फिरली, खांब हलला नाही. दुसरी गाडी पहिलीला बांधली. मागे प्रुइट कुणालाही न उद्देशून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "खिंड जाईल. खिंड जाईल." खिंड म्हणजे कुचेरांच्या कुरणाच्या आग्नेय टोकाची अरुंद जागा. तिथे दोन टेकड्या जवळ येतात आणि मध्ये ओली, हिरवी पट्टी आहे. त्या सबंध मुलखात आग अडवायची तर जागा ती एकच. तिच्यापलीकडे ऑस्ट्रँडरची वैरण रचलेली होती आणि त्यांच्या कालवडी चरत होत्या.

शेवटी बिजागरी तुटली. गेट फरफटत बाजूला पडले, कुलूप त्याला तसेच लोंबत. गाड्या आत घुसल्या. ड्वाइटने खिडकीतून हात बाहेर काढला. "रूडी, तू घर भिजव. बाकीचे माझ्या मागं."

"घर राहू दे," लोरीन ओरडली. "रूडी, तूही खिंडीत जा. मी घर बघते."

"कशानं, हातोड्यानं? बस गाडीत. ड्वाइटनं सांगितलंय."

रूडीने पाणी छपरावर मारले, मग ओसरीवर, मग गोठ्यावर. आग टेकडीच्या माथ्यावर आली तेव्हा तिची उंची लोरीनला कळलीच नाही. फक्त सगळे आकाश गरजत होते आणि गरम हवेने तोंडातला ओलावा ओढून घेतला होता. घराच्या दोन्ही अंगांनी ती पुढे गेली. ओल्या भिंतींतून वाफ निघाली. मग गर्जना त्यांना ओलांडून आग्नेयेकडे सरकली, आणि रूडीने नळी खाली टाकून तिकडे पाहिले.

"पोचले असतील का?" लोरीनने विचारले.

थोड्या वेळाने खिंडीच्या पलीकडे दुसराच धूर उठला. पिवळट, जड, वैरणीचा.

ते दोघे काळ्या झालेल्या अंगणात बसून राहिले. रूडीने टोपी काढून तोंड पुसले. "मी आलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "दोनेक आठवडे झाले असतील. पथकानं घरोघरी वॉकीटॉकी दिले. तुमचा घेऊन आलो होतो. गेट बंद दिसलं. म्हटलं, कुणी यायला नको असेल."

"तू होतास?"

"दुसरं कोण येणार होतं? बोट उचललं नाही मी त्या दिवशी, मला माहीत आहे. रागच आला होता. पण वॉकीटॉकी काय, द्यायचा तो द्यायचाच."

लोरीनने त्याला गेटला टांगलेल्या कोल्ह्याचे सांगितले; कुलूप तेव्हापासूनचे होते.

मग खिंडीपलीकडून गोळीचा आवाज आला. लोरीन उठून उभी राहिली. आणखी एक आला, आणि थांबून आणखी एक.

"कालवडी," रूडी म्हणाला. "कुंपणाच्या कोपऱ्यात अडकल्या असतील. भाजलेल्या ठेवून कसं चालेल."

आवाज येत राहिले. प्रत्येकाच्या आधी जेवढी शांतता होई तेवढ्यात लोरीनला वाटे, आता संपले. हमरस्ता शेरीफने बंद केला होता आणि एमेट पलीकडे अडकला होता. तो सारखा फोन करीत होता आणि ती सारखे म्हणत होती, घर उभे आहे, मी ठीक आहे. बाकीचे तिला सांगता येईना.

सूर्य धुरात लाल होऊन टेकला तेव्हा ड्वाइटची गाडी खिंडीतून परत आली. लोरीन पडलेल्या गेटपाशी उभी होती. गाडी तिच्याजवळ थांबली. मागच्या काचेपाशी रायफल टांगलेली होती. ड्वाइटच्या भुवया जळल्या होत्या आणि चेहरा राखेने सारखा झाला होता, त्यामुळे त्यावर काय आहे हे तिला वाचता येईना. एवढी भीती तिला आगीचीही वाटली नव्हती.

"ड्वाइट," ती म्हणाली. "ते मत माझं होतं. एमेटचं नाही. त्यानं नाहीच म्हटलं होतं. जानेवारीत त्याला शिवेपर्यंत नेलं ना, तेव्हापासून मला... मी रुग्णवाहिकेसाठी दिलं. त्याला अजून माहीत नाही."

ड्वाइटने इंजिन बंद केले.

"तो खडीचा बांध मी घालायला लावला होता," तो म्हणाला. "आणि डाग द्यायला बोलावलं नाही, तेही मीच. ते माझं चुकलं. कोल्ह्याचं मला माहीत नाही. आज रूडी वॉकीटॉकीवर बोलला तेव्हा कळलं."

"मला वाटलं, कुणी येणारच नाही."

"धूर दिसला की येतात. तू इथं जन्मलीस, लोरीन."

"हो."

त्याने खाली पडलेल्या नळ्यांकडे, साखळीकडे आणि अजून लागलेल्या कुलपाकडे पाहिले. मग किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"मत कुणाचं का असेना, नाताळपर्यंत मी विसरलो असतो," तो म्हणाला. "गेटला कुलूप होतं, हे विसरणार नाही."